कातळांतील रांजण : निघोजचीं कुंडें

नदीचीं कामें दोन : झिजविणें आणि सांठविणें. त्यांपैकीं दुसरें काम कोंकणांतील माणसाला फार जवळून पाहावयास मिळतें. सह्याद्रीच्या कुशींतून निघालेली अंबा नदी पाली आणि नागोठणें ओलांडून धरमतरच्या खाडींत उतरते, तेव्हां तिचा वेग जवळजवळ सरलेला असतो. समोरून येणारें भरतीचें पाणी तिला अडवितें. तिच्यांत तरंगत आलेले मातीचे सूक्ष्म कण खाऱ्या पाण्याच्या संसर्गानें एकमेकांस चिकटतात, जड होतात आणि तळाशीं बसतात. ओहोटीच्या वेळीं खाडीच्या दोन्ही कांठांना जो करडा चिखल उघडा पडतो, तो असा वर्षानुवर्षें सांठत आलेला असतो. त्या गाळावर तिवरांचें रान वाढतें. त्यालाच बांध घालून माणूस भाताचीं खाचरें करतो आणि मिठागरें आंखतो. एके काळीं मुंबईहून बोटीनें धरमतरास उतरून पुढें पेण आणि महाड ह्या बाजूला जाण्याचा प्रघात होता. तेथें उतरणाऱ्या उतारूला प्रथम दर्शन घडे तें ह्या गाळाचेंच.

नदी म्हणजे मऊ माती आणून टाकणारी माउली, अशी समजूत अशा प्रदेशांत रूढ झाली तर नवल नाहीं. परंतु ही माती येते कोठून? ती कोठें तरी दगड झिजून झालेली असते. तें झिजविण्याचें पहिलें काम कसें चालतें, हें पाहावयाचें असेल तर खाडी सोडून डोंगर चढला पाहिजे, आणि डोंगरापलीकडे जेथें पाऊस थोडा, माती विरळ आणि कातळ उघडा आहे, अशा मुलखांत गेलें पाहिजे.

ह्या प्रकारचीं जगप्रसिद्ध स्थळें बहुतेक वाळवंटांत आहेत. अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत कोलोरॅडो नदीनें कापलेली 'ग्रँड कॅन्यन' ही प्रचंड घळई सुमारें ४४६ किलोमीटर लांब असून कांहीं ठिकाणीं दीड किलोमीटराहूनहि अधिक खोल आहे. १९१९ सालीं ती राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यांत आली, आणि जगाच्या कानाकोपऱ्यांतून लोक ती पाहावयास जातात. तितक्या आकाराची घळई महाराष्ट्रांत नाहीं. खरें वाळवंटहि नाहीं. पण नदी कातळ कशी कापते, हें जितक्या स्पष्टपणें डोळ्यांना दिसावें तितक्या स्पष्टपणें दाखविणारें एक ठिकाण महाराष्ट्रांत आहे. तें म्हणजे कुकडी नदीच्या पात्रांतील निघोजचीं कुंडें, अथवा तेथील लोकांच्या शब्दांत सांगावयाचें तर रांजणखळगे.

धरमतरहून निघोजपर्यंतचें अंतर दोनशें किलोमीटरांच्या आसपास आहे. वाट पेण, खोपोली, बोरघाट, लोणावळें, पुणें आणि शिरूर अशी जाते. शिरूरहून निघोज वीस-पंचवीस किलोमीटर. हा प्रवास म्हणजे पावसाचा एक संपूर्ण धडाच आहे. पेणच्या बाजूस वर्षाला अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि आपला बहुतेक भार तेथेंच उतरवितात. म्हणून खंडाळें-लोणावळ्याच्या माथ्यावर पावसाचें मान चार हजार मिलिमीटरांच्या वर जातें. घाट ओलांडल्यावर तेच वारे खालीं उतरूं लागतात, तापतात आणि कोरडे होतात. पुण्यास पाऊस बराच कमी होतो, आणि निघोज ज्या पारनेर तालुक्यांत आहे तेथें तो पांचशें मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो. भाताचीं खाचरें मागें राहतात. बाजरी आणि ज्वारीचीं शेतें लागतात. डोंगर बोडके होतात, ओढे कोरडे दिसतात, आणि बाभूळ व निवडुंग ह्यांचें राज्य सुरू होतें.

आतां येथें एक प्रश्न उभा राहतो. ज्या प्रदेशांत पाऊसच थोडा, तेथें कातळ फोडून जाणारें पाणी आलें कोठून? ह्याचें उत्तर निघोजच्या पावसांत नाहीं; तें दूर पश्चिमेस, जुन्नर तालुक्यांतील घाटमाथ्यावर आहे. कुकडी नदीचा उगम नाणेघाटाच्या परिसरांत, पूर गांवच्या कुकडेश्वराजवळ होतो. तेथें सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस ती गोळा करते आणि तें पाणी घेऊन कोरड्या मुलखांत उतरते. पाऊस एका मुलखाचा आणि वाट दुसऱ्या मुलखाची, अशी ही स्थिति आहे. कोलोरॅडो नदीचेंहि असेंच आहे. रॉकी पर्वतावरील बर्फाचें पाणी घेऊन ती वाळवंटांतून वाहते.

घळई निर्माण होण्यास नेमकी हीच स्थिति अनुकूल असते. पाऊस सर्वत्र सारखाच पडत असता, तर कांठाचे कडे वरून झिजले असते, त्यांवर माती व झाडी चढली असती, आणि घळईच्या जागीं उताराची, पसरट दरी तयार झाली असती. कोंकणांतील नद्यांचे कांठ पुष्कळदां असेच असतात. कोरड्या प्रदेशांत मात्र नदी तळ कापीत खालीं जाते, आणि कांठांना झिजविणारें पाणी पुरेसें नसल्यामुळें ते उभेच्या उभे, उघडे राहतात. वाळवंट घळई खोदीत नाहीं. घळई खोदते ती नदीच. वाळवंट फक्त तिच्या कामावर मातीचें पांघरूण पडूं देत नाहीं.

निघोजचा कातळ कोणता, हें समजल्यावांचून पुढील गोष्ट नीट कळणार नाहीं. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं, कांहीं लाख वर्षांच्या अवधींत, पश्चिम भारताच्या भूमींतील भेगांतून तप्त लाव्हारस वारंवार बाहेर पडला आणि थरावर थर देऊन पसरला. आजहि हा दगड सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. ह्यालाच दक्षिणेचा काळा पाषाण अथवा बेसॉल्ट म्हणतात. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या ह्या थरांच्याच होत. स्वीडिश भाषेंतील जिना ह्या अर्थाच्या शब्दावरून त्यांस 'ट्रॅप' हें शास्त्रीय नांव पडलें. धरमतरच्या दोन्ही बाजूंचे डोंगर आणि निघोजचें नदीपात्र हे ह्या एकाच पाषाणाचे भाग आहेत. दगड एक, पण पाण्याची स्थिति वेगळी. म्हणून एके ठिकाणीं चिखल सांठला आणि दुसऱ्या ठिकाणीं कुंडें कोरलीं गेलीं.

हा दगड कठीण आहे, परंतु सर्वत्र सारखा कठीण नाहीं. लाव्हारस थंड होतांना तो आकसतो आणि त्यास उभ्या-आडव्या भेगा पडतात. त्यांत अडकलेल्या वायूचे बुडबुडे थिजून पोकळ्या राहतात, आणि पुढें त्या पोकळ्यांत पांढरे खनिज अथवा गारगोटी भरते. अशा भेगा, पोकळ्या आणि थरांचे सांधे हीं कातळाचीं मर्मस्थानें होत. पाण्याला कामाला आरंभ करण्यास तेवढें पुरतें.

निघोजच्या कुंडांकडे जातांना दुरून कांहींच दिसत नाहीं. भोंवतालचें रान सपाट आहे. डोंगर नाहीं, कडा नाहीं, मोठा धबधबा असल्याचा आवाजहि बहुतेक दिवस नसतो. मग एकाएकीं जमीन संपते आणि पायांखालीं काळ्या कातळाची एक भेग उघडते. नदी एका पसरट पात्रांतून येतां येतां त्या भेगेंत शिरते, आणि तेथून पुढें तिच्या दोन्ही कांठांवर हजारों खळगे दिसूं लागतात. कांहीं ताटाएवढे उथळ, कांहीं उखळासारखे, कांहीं खरोखरच रांजणासारखे तोंडाशीं अरुंद आणि पोटाशीं रुंद. आणि कांहीं इतके खोल कीं आंत उभा केलेला माणूस वरून दिसूं नये. कोठें दोन रांजणांमधील भिंत पातळ होऊन तिला खिडकी पडली आहे. कोठें खिडकी मोठी होऊन कमान झाली आहे. कोठें कमानहि ढासळून फक्त सुरीच्या पात्यासारखी दगडी धार उरली आहे. कातळ असा गुळगुळीत आणि वळणदार दिसतो कीं कुंभारानें ओल्या मातीवरून हात फिरविला असावा. एक कांठ पारनेर तालुक्यांत, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यांत आहे, तर दुसरा टाकळी हाजी गांवाकडील, पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत. दोन्ही कांठ जोडणाऱ्या झुलत्या पुलावरून घळईचा तळ सरळ खालीं पाहतां येतो.

हें कोरीव काम पाहून 'पाण्यानें दगड झिजला' असें सहज म्हटलें जातें. तें अर्धेंच खरें आहे. निव्वळ पाण्याला इतक्या कठीण पाषाणांत असा गोल, खोल रांजण कोरतां येणें अत्यंत अवघड आहे. पाणी येथें कारागिराच्या हातासारखें आहे. हत्यार निराळेंच आहे. तें हत्यार म्हणजे दगडच.

काम चालतें तें असें. पावसाळ्यांत पूर येतो, तेव्हां वेगानें धांवणारा प्रवाह कातळावरील एखाद्या भेगेवर किंवा उंचवट्यावर अडखळतो आणि तेथें भोंवरा तयार होतो. त्या भोंवऱ्यांत वाळू, खडे आणि गोटे सांपडतात. ते पुढें वाहून न जातां एकाच जागीं गरगर फिरूं लागतात, आणि गिरमिटानें लाकडाला भोंक पाडावें त्याप्रमाणें कातळाला भोंक पाडूं लागतात. भोंक थोडें खोल झालें, कीं तेंच भोंवऱ्याला पक्की जागा देतें. भोंवरा पक्का झाला, कीं तो अधिक गोटे धरून ठेवतो. अशा रीतीनें खळगा स्वतःच आपल्या वाढीस कारण होतो. फिरणारे गोटे तळाला आणि पोटाला घांसतात. तोंडाशीं मात्र त्यांचा मारा कमी असतो. म्हणून खळग्याला रांजणाचा आकार येतो. बेसॉल्टमधील मुख्य खनिजांपेक्षां गारगोटी अधिक कठीण असते. तेव्हां कातळाच्याच पोकळींत जन्मलेली गार सुटून खळग्यांत पडली, तर आपल्या आईबापांनाच कोरणारें पाते ती बनते.

कातळ झिजतो, तसे गोटेहि झिजतात. उन्हाळ्यांत एखाद्या कोरड्या रांजणाच्या तळाशीं पाहिलें, तर तेथें अंड्यासारखे किंवा लाडवासारखे वाटोळे गोटे पडलेले आढळतात. ते कोणी आणून ठेविलेले नाहींत. गेल्या पुरांत काम करून थकलेले तेच कामकरी होत. त्यांतले झिजून वाळू होतात, त्यांची जागा पुढच्या पुराबरोबर आलेले नवे गोटे घेतात. दळलेलें पीठ पुढें निघून जातें : कुकडीतून घोड नदींत, घोडमधून भीमेंत, भीमेंतून कृष्णेंत, आणि शेवटीं बंगालच्या उपसागरांत. अंबा नदीनें धरमतरला आणून सोडलेला गाळ हें सह्याद्रीच्या पश्चिम उताराचें पीठ, तर हें पूर्व उताराचें. जातें एकाच दगडाचें, पण दोन समुद्रांना दळण पुरविणारें.

रांजण एकेकटा राहत नाहीं. शेजारचे दोन रांजण रुंद होत गेले, कीं त्यांतील भिंत पडते आणि ते एक होतात. त्यास तिसरा मिळतो, मग चौथा. अशी ओळ तयार झाली, कीं नदी साहजिकच त्या खोल ओळींतून वाहूं लागते, आणि ती ओळ म्हणजेच नवी घळई. निघोजची अरुंद घळई ही मुख्यतः एकमेकांत मिळालेल्या रांजणांची सांखळी आहे. तिच्या भिंतींवर जे अर्धगोल कोनाडे दिसतात, ते कापल्या गेलेल्या रांजणांचे उरलेले अर्धे भाग होत. हें ध्यानीं आलें, म्हणजे कांठावरच्या उंच, कोरड्या खळग्यांचाहि अर्थ उलगडतो. आज जेथें पाणी क्वचितच पोहोंचतें तेथें कोरलेला रांजण सांगतो कीं, एके काळीं नदीचा तळ येथें होता. पायरीपायरीनें खालीं गेलेले खळगे पाहणें म्हणजे नदीनें मागें टाकलेल्या मुक्कामांची नोंदवही वाचणेंच होय.

ह्या सगळ्या कामाला वेळ किती लागतो? येथें एक नियम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर तें हलवूं शकेल अशा दगडाचें वजन दुप्पट होत नाहीं. ढोबळ हिशेबानें तें चौसष्टपट होतें. म्हणजे वर्षाचे तीनशें दिवस शांतपणें वाहणारें पाणी फारसें कांहीं कोरीत नाहीं. त्याला वाळू कशीबशी हलते. महापुराच्या कांहीं घटकांत मात्र मोठमोठे गोटे उठतात, आपटतात आणि फिरतात. कातळावरचें खरें काम ह्या थोड्या घटकांत होतें. अशा असंख्य पुरांची बेरीज म्हणजे आज दिसणारीं कुंडें.

ह्या जागेकडे भोंवतालचा समाज फार पूर्वींपासून श्रद्धेनें पाहत आला आहे. कुंडांच्या कांठीं मळगंगा देवीचें स्थान आहे, निघोज गांवांतहि तिचें देऊळ आहे, आणि चैत्र महिन्यांत तिच्या यात्रेस दूरदूरचे लोक जमतात. कोरड्या मुलखांत, भर उन्हाळ्यांतहि ज्या खडकांत पाणी टिकून राहतें, ती जागा देवीची मानली जावी, ह्यांत आश्चर्य कसलें? खोल रांजणांत सांवली असते, उघड्या पात्राच्या मानानें पाणी तेथें सावकाश आटतें, आणि आसपासचे ओढे कोरडे पडल्यावरहि येथें ओलावा सांपडतो. शास्त्र ज्याला खळगा म्हणतें, त्याला लोकांनीं कुंड म्हटलें. दोन्ही नांवें पाण्याशीं असलेलें नातेंच सांगतात.

आतां ह्या स्थळासंबंधाची जी महत्त्वाची गोष्ट आहे, ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीं. जें हत्यार घेऊन कुकडीनें हें काम केलें, तें हत्यार आतां तिच्या हातीं पूर्वींइतकें राहिलेलें नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कुकडी प्रकल्पाचीं धरणें झालीं. त्यांतील माणिकडोह आणि येडगांव हीं दोन प्रत्यक्ष कुकडी नदीवरच, निघोजच्या वरच्या अंगाला आहेत. घाटमाथ्याचा पाऊस आतां प्रथम त्या जलाशयांत थांबतो. पुराची धार बोथट होते. आणि पाण्याबरोबर येणारे वरच्या खोऱ्यांतले गोटे व वाळू जलाशयाच्या तळाशीं बसतात. धरणाखालीं पाणी येतें, पण बरेचसें रिकाम्या हातानें येतें.

हीं धरणें व्यर्थ नाहींत. ज्या पारनेर, श्रीगोंदें, कर्जत आणि करमाळें तालुक्यांकडे कुकडीचा डावा कालवा जातो, तेथें १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी घरोघरीं आहेत. पाऊस दुसऱ्या मुलखाचा आणि वाट ह्या मुलखाची, ही जी स्थिति पूर्वीं घळई कोरीत होती, तिचाच उपयोग करून माणूस आतां शेत भिजवितो. तहानलेल्या गांवाला कालव्याचें पाणी नको, खळग्यांना पूर हवा, असें कोणी शहाणा माणूस म्हणणार नाहीं. परंतु एका गोष्टीच्या मोबदल्यांत दुसरी कोणती दिली गेली, हें ठाऊक असणें मात्र इष्ट आहे.

हाच प्रश्न अमेरिकेंत अधिक मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. ग्रँड कॅन्यनच्या वरच्या अंगाला बांधलेल्या ग्लेन कॅन्यन धरणांत १९६३ सालीं पाणी अडविण्यास आरंभ झाला. त्यापूर्वीं लालसर, गढूळ वाहणारी कोलोरॅडो नदी धरणाखालीं स्वच्छ आणि थंड वाहूं लागली. वरून येणारी वाळू बंद झाल्यामुळें घळईंतील वाळूचे कांठ झिजूं लागले, आणि त्यांवर अवलंबून असलेल्या वनस्पति व मासे ह्यांची स्थिति बदलली. शेवटीं १९९६ च्या वसंतांत तेथील अधिकाऱ्यांनीं धरणांतून सात दिवस, सेकंदास सुमारें १२७० घनमीटर ह्या वेगानें पाणी सोडून मुद्दाम पूर आणविला, आणि तळाशीं उरलेली वाळू पुन्हां कांठांवर चढते कीं काय हें पाहिलें. कांठ कांहीं काळ वाढले. त्यानंतरहि असे प्रयोग अनेकदां झाले. राष्ट्रीय उद्यानाची सीमा आंखल्यानें घळईच्या भिंती वाचतात. नदी वाचतेच असें नाहीं, हा धडा त्यांतून मिळाला.

दुसरें उदाहरण स्वित्झर्लंडमधील लूसर्न शहराचें. तेथें १८७२ सालीं तळघरासाठीं जमीन खणतांना कातळांतील प्रचंड रांजण सांपडले. त्यांतील सर्वांत मोठा साडेनऊ मीटर खोल आहे. हिमयुगांत त्या जागेवर हिमनदी होती; तिच्या पोटाखालून जोरानें वाहणाऱ्या पाण्यानें, गोट्यांच्याच साहाय्यानें, ते कोरले होते. हिमनदी हजारों वर्षांपूर्वीं वितळून गेली. आज ते रांजण छपराखालीं, कठड्यांच्या आंत, फलक लावून जपलेले आहेत, आणि ते पाहण्यासारखेहि आहेत. पण त्यांत नवा गोटा कधींच फिरणार नाहीं. तें कारागिरामागें उरलेलें कारखान्याचें घर आहे.

निघोज ह्या दोहोंच्या मध्यें उभें आहे. लूसर्नप्रमाणें येथील काम थांबलेलें नाहीं : धरणें भरून वाहूं लागलीं, अथवा धरणांखालच्या खोऱ्यांत जोराचा पाऊस झाला, कीं कुकडीला आजहि पूर येतो, कुंडें दिसेनाशीं होतात, आणि तळाचे गोटे पुन्हां फिरूं लागतात. कोलोरॅडोच्या वाळूप्रमाणें येथील कातळ कांहीं वर्षांत नाहींसा होणारा नाहीं. परंतु काम मंदावलें आहे, आणि नव्या गोट्यांचा पुरवठा आटला आहे. अशा वेळीं जे गोटे रांजणांत आहेत, त्यांचें मोल वाढतें. शोभेसाठीं म्हणून उचलून नेलेला एकेक वाटोळा दगड म्हणजे नदीच्या हातून काढून घेतलेलें एकेक हत्यार आहे. त्याचप्रमाणें यात्रेच्या आणि सहलीच्या दिवसांत खळग्यांत टाकलेला कचरा, फुटक्या बाटल्या आणि निर्माल्य हीं केवळ अस्वच्छ दिसतात एवढेंच नव्हे. मोठा पूर क्वचित येऊं लागल्यावर तीं धुऊन निघत नाहींत. गाळांत रुतून बसतात, आणि त्यांच्याखालीं गोटा जागचा हलेनासा होतो.

ही जागा पाहावयास जाणाऱ्यानें काळवेळ निवडावी. पावसाळ्यांत पात्र भरलेलें असल्यामुळें रांजण दिसत नाहींत, आणि कांठावर उभें राहणें धोक्याचें असतें. थंडीच्या दिवसांपासून उन्हाळ्यापर्यंत पाणी ओसरलेलें असतें. त्यांतहि सकाळ अथवा सायंकाळ बरी. उन्हें तिरपीं असतां प्रत्येक खळग्याची एक कड उजळते आणि दुसरी अंधारांत राहते, त्यामुळें आकार ठळक दिसतात. भर दुपारीं काळा कातळ तापतो, आणि सारें सपाट भासतें.

सावधगिरीच्या गोष्टी थोड्या, पण सक्तीच्या आहेत. ज्या झिजेमुळें हा कातळ सुंदर झाला, त्याच झिजेमुळें तो निसरडा झाला आहे. रांजणाचें तोंड अरुंद आणि पोट रुंद असल्यामुळें, आंत पडलेल्या माणसाला हातानें धरावयास कांठ मिळत नाहीं. उत्तम पोहणाराहि तेथें असहाय्य होतो. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखालीं एक कुंड दुसऱ्यास मिळालेलें असूं शकतें. धरणांतून पाणी सोडलें असतां, आकाशांत ढग नसतांहि नदी चढूं शकते. म्हणून कुंडांत उतरूं नये, पोहूं नये, मुलांना कांठाशीं मोकळें सोडूं नये, आणि पाणी वाढतांना दिसल्यास विलंब न करतां वर यावें. येथें पाहण्याचा आनंद कांठावरून पुरेपूर मिळतो.

पाहतांना कांहीं खुणा मुद्दाम शोधाव्या. रांजणाच्या भिंतीवर फिरत गेलेल्या आडव्या रेषा दिसल्या, तर त्या गोट्यांच्या वाटा समजाव्या. दोन रांजणांमधील भिंत किती पातळ झाली आहे हें पाहावें, म्हणजे पुढें कोठें खिडकी पडेल हें सांगतां येईल. कांठावर सर्वांत उंच असलेला खळगा शोधून तेथून आजच्या पाण्यापर्यंतची खोली डोळ्यांनीं मोजावी. तेवढा कातळ ह्या नदीनें दळून समुद्राकडे पाठविला आहे. आणि एखाद्या कोरड्या रांजणाच्या तळाशीं हाताला येईल असा गुळगुळीत गोटा दिसलाच, तर तो उचलून त्याचा गारपणा व वाटोळेपणा खुशाल अनुभवावा. मात्र निघतांना तो ज्या रांजणांतला असेल त्याच रांजणांत परत ठेवावा. पुढचा मोठा पूर केव्हां येईल हें कोणास ठाऊक नाहीं, परंतु तो येईल तेव्हां नदीला तो लागणार आहे.